टोकियोचे वार्तापत्र : न्हाणीघरातील पाणी आणि अंगणातील सडा

परभणी जिल्ह्यातील, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गावात वाढलेल्या पिढीला भारनियमन, म्हणजे मागणीइतकी वीज नसल्यामुळे वेळापत्रक लावून भागवार पुरवठा बंद ठेवणे, हा शब्द समजावून सांगावा लागत नाही; परंतु जपानसारख्या संपन्न देशावरही ती वेळ आली होती, याची जाणीव मराठवाड्यात फारशी दिसत नाही. 11 मार्च 2011 च्या भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा येथील अणुवीज प्रकल्प निकामी झाला आणि 14 मार्चपासून टोकियोभोवतीच्या प्रदेशात पाळीपाळीने वीज तोडण्यात आली. पश्चिम जपानमधील वीज पुरेशा प्रमाणात पूर्वेकडे आणता येईना, कारण विजेची वारंवारता, म्हणजे तिच्या प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, पूर्वेस 50 तर पश्चिमेस 60 आहे. 19व्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली, त्याचा हा परिणाम.

त्या उन्हाळ्यात ‘सेत्सुदेन’, म्हणजे वीजबचत, हा शब्द घरोघरी पोहोचला, तरी मुलांना त्याचे शिक्षण त्याआधीपासून मिळत होते. तेथील प्राथमिक शाळेत पाचवी व सहावीच्या मुलामुलींना गृहशास्त्र सक्तीचे असून, शिवणटिपण व स्वयंपाकाबरोबरच उन्हाळ्यात घर थंड आणि हिवाळ्यात उबदार कसे ठेवावे, हाही त्यातील अभ्यासाचा भाग आहे.

या शिक्षणाचे मर्म मात्र पाठ्यपुस्तकापेक्षा न्हाणीघरात अधिक स्पष्ट दिसते. जपानी कुटुंबात प्रत्येक जण आधी टबाबाहेर अंग घासून स्वच्छ करतो आणि मगच गरम पाण्यात उतरतो, त्यामुळे एकदा तापविलेले तेच पाणी सर्वांना पुरते. दोन आंघोळींच्या मध्ये टबावर झाकण घातले जाते, कारण पाणी निवले तर ते पुन्हा तापविण्यास इंधन लागते. अनेक घरांत उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी नळीने कपडे धुण्याच्या यंत्रात घेतले जाते, आणि टब घासण्याचे काम पुष्कळदा मुलांकडे असते. दिवा बंद करण्याच्या आज्ञेपेक्षा असे काम अधिक शिकवून जाते, कारण उष्णता कोठे साठते आणि कोठे वाया जाते, हे मुलाच्या हाताला कळते.

याच पाण्याचा आणखी एक उपयोग मराठी वाचकाला जवळचा वाटेल. दारापुढे पाणी शिंपडण्याच्या जुन्या प्रथेला तेथे ‘उचिमिझु’ म्हणतात, आणि 2003 पासून टोकियोत तिची सामुदायिक मोहीम चालते, जिच्यात नळाचे ताजे पाणी वर्ज्य असून आंघोळीचे उरलेले किंवा साठविलेले पावसाचे पाणीच वापरावयाचे असते. हा अर्थातच आपला सडा होय. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, या ज्या नियमाने माठातील पाणी गार राहते, त्याच नियमाने शिंपडलेली जमीन निवते. ऊन अडविण्यासाठी खिडकीसमोर जाळी बांधून तिच्यावर कारल्याचा वेल चढविण्याची पद्धतही तेथील शाळांत रुजली असून तिला ‘हिरवा पडदा’ म्हणतात. मराठवाड्यातील दारापुढच्या वेलांच्या मांडवाचे हे उभे रूप मानता येईल.

टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कसाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असून, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. बादलीभर पाण्याने आंघोळ करण्याची, कुकरमध्ये डाळ-भात एकत्र शिजविण्याची सवय मराठी घरात मुळातच काटकसरीची आहे, आणि परदेशातील सोयींपुढे ती मागे पडू देणे हे खरोखर नुकसानीचे आहे.

भारतात 14 डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असून शाळकरी मुलांसाठी त्या विषयावर चित्रकला स्पर्धा होतात, आणि त्या व्हाव्यातही. पण चित्राच्या शेजारी तापमापक असावयास हवा, म्हणजे सड्याचा परिणाम मोजता येईल. टोकियोचा उन्हाळा दमट असल्यामुळे शिंपडलेले पाणी तेथे सावकाश उडते, तर चुडाव्याची मे महिन्यातील हवा कोरडी असल्याने तेवढेच पाणी झपाट्याने उडून जमीन अधिक निववू शकते. मात्र परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणीच विजेहून दुर्मीळ होते, म्हणून सड्यासाठी भांडी विसळलेले वा धुण्याचे शेवटचे पाणीच घ्यावे, आणि सड्याच्या आधी व नंतर ओट्यावरील तापमान किती, हे घरातील मुलाने रोज वहीत लिहून ठेवावे.