जिवंत कुंपण : शेताचा हिरवा राखणदार

‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपण विश्वासघाताच्या संदर्भात वापरतो. आपल्या देशात मात्र ती एके काळी शब्दशः खरी ठरली. मूळचा अमेरिका खंडातील फड्या निवडुंग कुंपणासाठी लावला गेला आणि निगेअभावी माळरानांवर व शेतांत पसरला. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्यावर जगणारे कोचिनील कीटक आणून त्याला आवर घालावा लागला. कुंपणाची निवड आणि निगा या दोन्ही बाबी किती महत्त्वाच्या आहेत, हे यावरून दिसून येते.

बाभूळ-बोरीच्या वाळलेल्या फांद्यांचे कुंपण उभारण्यास सोपे असते. परंतु पावसाने ते कुजते, त्यास वाळवी लागते आणि नव्या फांद्यांसाठी पुन्हा झाडांवर कुऱ्हाड चालते. जिवंत कुंपण मात्र वर्षागणिक बळकट होत जाते.

अशा कुंपणासाठी करवंद, सागरगोटा व चिल्हार या काटेरी वनस्पती उपयुक्त आहेत. निर्गुडी व मोगली एरंड यांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. घायपातापासून दोरखंडासाठी वाख मिळतो, तर गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे उत्तम खत होय. मात्र शेराचा चीक डोळ्यांस अपायकारक आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात, हे मुलांना आवर्जून सांगावे.

लागवड पावसाळ्याच्या प्रारंभी, दोन ओळींत, एकाआड एक करावी. रोपे वाढू लागताच शेंडे छाटावेत. अन्यथा झाड उंच जाते, बुडाशी मोकळे राहते आणि तेथूनच जनावरे आत शिरतात. इंग्लंडमधील शेतकरी हिवाळ्यात कुंपणाची खोडे बुंध्याशी बरीचशी कापून, थोडी साल व लाकूड जोडलेले ठेवून, तिरपी निजवितात. बुंध्यातून नवे धुमारे फुटतात आणि कुंपण पुनश्च दाट होते. वनस्पती निराळ्या असल्या तरी तत्त्व एकच : छाटणीवाचून दाटी नाही.

रानडुकरांच्या उपद्रवाने त्रस्त होऊन काही ठिकाणी तारांत थेट वीजप्रवाह सोडला जातो. हे कृत्य बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यापायी माणसांचेही प्राण गेले आहेत. जिवंत कुंपण वाढण्यास दोन-तीन वर्षे लागतात हे खरे. परंतु ते कोणाचा जीव घेत नाही, उलट पाखरांना आसरा आणि बांधाच्या मातीला आधार देते. येत्या पावसाळ्यात शेताची निदान एक बाजू तरी अशी हिरवी करावी.