प्रतिपिंडांना पर्याय शोधताना

१९७५मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत काढली. रोगनिदानाचा बराचसा डोलारा त्यावर उभा राहिला. पण ठरावीक रेणूला नेमके चिकटणारे प्रतिपिंड हे प्रथिन. ते थंडाव्यात सांभाळावे लागते आणि उष्णतेने त्याची घडी मोडली की सहसा पुन्हा बसत नाही.

पर्यायाची खरी वाट १९९०मध्ये सापडली, तीही दोन ठिकाणी. कोलोरॅडोत क्रेग टर्क आणि लॅरी गोल्ड यांनी एका विषाणूच्या विकराला चिकटणाऱ्या आरएनएमधली आठ अक्षरे मोकळी सोडली. चारच अक्षरांची लिपी, म्हणजे ६५,५३६ शक्यता. चिकटतील ते रेणू ठेवायचे, त्यांच्या प्रती काढायच्या, पुन्हा चाळायचे. शेवटी ठळकपणे दोन उरले. एक निसर्गातला मूळचा. दुसरा चार अक्षरांनी वेगळा, तरी तितकाच घट्ट चिकटणारा! या साऱ्या प्रवासात मला हा दुसरा रेणू सर्वांत मोलाचा वाटतो. निसर्गाने न वापरलेले उत्तर नुसत्या चाळणीतून हाती आले होते. बोस्टनला एलिंग्टन आणि शोस्टाक यांनीही हीच वाट काढली आणि अशा रेणूंना ‘अ‍ॅप्टामर’ म्हटले.

पर्यायाची आणखी एक वाटही निघाली. १९९३मध्ये मोसबाख यांच्या गटाने स्वीडनमध्ये चक्क प्लास्टिकसारख्या बहुवारिकात औषधाच्या रेणूचा ठसा उमटवून त्या ठशाच्या मदतीने औषधाचे प्रमाण मोजले.

अ‍ॅप्टामरची पुढची वर्षे मात्र खडतर गेली. साधा आरएनए रक्तात पाहता पाहता तुटतो, म्हणून त्यात रासायनिक बदल करावे लागले. २००४मध्ये डोळ्यांसाठीचे ‘मॅक्युजेन’ हे अ‍ॅप्टामर औषध मंजूर झाले. दोनच वर्षांत प्रतिपिंडाच्याच तुकड्यापासून बनलेल्या औषधाने त्याला मागे टाकले.

औषधात नाही, पण मोजमापात यश आले, ते गोल्ड यांनाच. त्यांनी डीएनएच्या अक्षरांना प्रथिनांसारख्या रासायनिक शेपट्या जोडल्या. २०१०मध्ये त्यांच्या गटाने रक्ताच्या अगदी थोड्या नमुन्यात ८१३ प्रथिने एकदम मोजून दाखवली. गंमत अशी, की प्रथिनाला पर्याय म्हणून निघालेला रेणू प्रथिनाचे गुण उसने घेतल्यावरच कामाला आला.

एकाच वेळी शेकडो प्रथिने मोजायची, तर प्रतिपिंडांच्या जोड्या एकमेकींत अडकतात. अ‍ॅप्टामरने जागा मिळवली ती तिथे. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत आणि कोरोनाच्या झटपट चाचणीत रेषा उमटवली ती प्रतिपिंडांनीच. जिथे त्यांचे बरे चालले होते, तिथे केवळ टिकाऊपणाच्या बळावर त्यांना कुणी हटवू शकले नाही.