मासे चढणीला लागतात तेव्हा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेडच्या मागे लागलेला गळवाला घराबाहेर पडण्याआधी नदीचे आकडे पाहतो. पाणी किती वाहतंय, किती गार आहे, चढतंय की उतरतंय? स्टीलहेड म्हणजे समुद्राची वारी करून पुन्हा नदीत परतणारा रेनबो ट्राउट. पाणी फार गढूळ असलं तर त्याला आमिष दिसत नाही आणि फार नितळ असलं तर तो बुजतो. पूर ओसरून पाण्याला हिरवट झाक आली की काठावर माणसं दिसू लागतात. कर्नाटकात कलघटगीच्या बेडती नदीत स्टीलहेड नाही आणि सॅमनही नाही, पण नदी वाचण्याची ही रीत तिथंही चालते. फक्त तिकडच्या वितळत्या बर्फाच्या जागी इथं मृगाचा पाऊस धरायचा.

धारवाडला सोमेश्वर मंदिराजवळ उगम पावणारी शाल्मला आणि हुबळीकडून येणारी बेडती कलघटगीपाशी एक होतात. पुढे यल्लापूरच्या रानात मागोडला ही नदी सुमारे २०० मीटर खाली कोसळते आणि गंगावळी या नावानं अंकोल्याच्या बाजूला समुद्राला मिळते. सॅमन उड्या मारण्यात पटाईत, पण त्याची उत्तम उडीही साडेतीन मीटरच्या आसपास थांबते. मागोडपुढे तोही हरला असता. त्यामुळे कलघटगीच्या माशांचा प्रवास समुद्रापासून सुरू होत नाही. डोहातून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात, एवढाच तो. अंतर थोडं, पण घाई फार.

ट्राउट इथं का नाही, याचं उत्तर उष्म्यात आहे. पाणी १० अंश सेल्सिअसला असेल तर लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन धरून ठेवतं. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. त्याच वेळी माशाच्या शरीराची भूक मात्र तापमानाबरोबर वाढत जाते. ट्राउट २० अंशांच्या पुढे अस्वस्थ होतो आणि २५ च्या वर फार काळ तगत नाही. म्हणून साहेबानं हौसेनं आणलेला ट्राउट काश्मीर-निलगिरीसारख्या ठिकाणच्या थंड ओढ्यांतच टिकला. आपल्या मरळला उष्म्याचं भय नाही. तो पाण्याबाहेर तोंड काढून हवाच घेतो.

पहिल्या जोराच्या पावसानंतर मासे चढतात, त्या हंगामाला कोकणात वलगण म्हणतात, घाटावर नुसतं ‘मासे चढणीला लागले’ म्हणतात, तर मलनाडात ‘हत्तु मीनु’, म्हणजे चढणारा मासा. ओढे तांबडे होऊन वाहू लागले की अंड्यांनी फुगलेल्या माद्या आणि त्यांच्यामागे नर प्रवाहाविरुद्ध निघतात. गढूळ पाण्यानं बगळ्या-खंड्यांपासून आडोसा मिळतो. वर बुडालेल्या गवतात सूक्ष्म जीवांची रेलचेल असते आणि मोठे शिकारी मासे तिथवर सहसा पोचत नाहीत. नदीच्या जीवनाचा हिशेब तिच्या पात्राइतकाच पुरात बुडणाऱ्या काठाशी बांधलेला असतो, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग युंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडली. भात लावणाऱ्यांना ती नवी वाटली नसती.

सॅमन जिथं जन्मला त्याच ओढ्याचा वास ओळखत परततो. त्याची अंडी वाळू-गोट्यांत, ५ अंशांच्या पाण्यात, फुटायला तीन महिन्यांच्या आसपास घेतात. रोहू-कटल्याची अंडी २७-२८ अंशांना एका दिवसाच्या आत फुटतात. पाणी कधी ओसरेल याचा भरवसा नसलेल्या देशात याहून सावकाश चालणं परवडणारंच नाही.

पावसाचा इशारा माशाच्या आत कसा पोचतो? वाहतं पाणी, तापमानातली घट, ताज्या पावसानं बदललेले क्षार या सगळ्यांची खबर मेंदूकडून पियुषिका ग्रंथीला जाते आणि तिच्या संप्रेरकांनी अंडी पक्व होतात. तळ्यात ठेवलेला रोहू म्हणूनच वाढतो, पण वीत नाही. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प माशांना या ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवलं. पुराचं काम सुईनं केलं. आज बाजारात येणारा रोहू बहुतेक त्या सुईचाच वंशज.

आता खरी अडचण. माणसासाठी मासेमारीला सर्वांत सोपी वेळ हीच असते. अरुंद ओढ्यात मासे दाटीनं एकाच दिशेला जात असतात. खोइनीचा सापळा लावा, पागाचं जाळं टाका, रिकामे हात येणार नाहीत. पोटात गाभोळी असलेली मादी चवीला अप्रतिम, हे मीही नाकारणार नाही. पण ती परततानाची, अंडी टाकून झालेली असेल, तर नदीचं नुकसान कितीतरी कमी होतं. पंधरा दिवस थांबण्याचा प्रश्न आहे.

पागापेक्षाही जास्त अडवतो तो सिमेंटचा बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं या बाबतीत मला कौतुक आहे. पावसाळ्याआधी त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, पाणी मोकळं वाहतं आणि मासाही वर जातो. हेतू पुराला वाट देण्याचा होता, लाभ माशाला झाला. कायमची भिंत असलेल्या बंधाऱ्यात ही सोय नाही.

महसीरची तऱ्हा निराळी. दख्खनचा महसीर पुण्याजवळच्या नद्यांतून कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये शास्त्राला कळवला. तो भातखाचरात शिरत नाही; वाहत्या, गोट्यांच्या पात्रात टप्प्याटप्प्यानं अंडी घालतो, तीही पावसाळा मुरल्यावर. लोणावळ्याजवळ वलवणला टाटांच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याच्या प्रजननाचं तंत्र बसवलं. तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटण्याशी संशोधक आता त्याचा संबंध जोडतात. चांगल्या हेतूनं सोडलेला मासाही परक्या नदीत उपराच ठरतो.

ऑक्टोबरात बेडतीचं पाणी उतरतं, निवळतं. गळ टाकायला हाच हंगाम. कणकेची गोळी किंवा गांडूळ पुरतं. पुढे पात्र आक्रसत जातं आणि एप्रिल-मेमध्ये पुढच्या जूनमध्ये चढणारे सगळे मासे मोजक्या डोहांत गोळा झालेले असतात. वाळणकोंडीला काळ नदीत किंवा तिळसे इथं वैतरणेत देवाच्या नावानं डोह राखले जातात, तेव्हा हेच बियाणं राखलं जातं. जिथं असा देव नाही, तिथं उन्हाळ्यात जिलेटिनची एक कांडी जून-जुलैभर लावलेल्या सगळ्या खोइनींपेक्षा जास्त मासे संपवू शकते.