वादळ सरल्यावर आगरदांड्याच्या खाडीत पक्ष्यांची गर्दी का होते?

हिवाळ्यात अरबी समुद्रात वादळ उठलं आणि मग आभाळ निवळलं, की आगरदांड्याच्या जेट्टीवर दुर्बीण घेऊन उभं राहावं. 'ओखी' चक्रीवादळामुळे ५ डिसेंबर २०१७ रोजी ऐन थंडीत कोकणात पाऊस पडला, रायगडमधल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. गुजरात किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत ते वादळ विरलं. जमिनीवर अशा वादळाचा फटका कमी जाणवतो. समुद्रावरच्या पक्ष्यांची मात्र उपासमार होते.

नेमकं काय होतं?

सुरय हवेतून नजरेनं मासा हेरतो. लाटा उसळल्या, पाणी गढूळ झालं की मासा दिसत नाही. त्यात वाऱ्याशी झुंजताना अंगातली चरबी संपत जाते. मग सुरय, कुरव आडोसा शोधतात. राजपुरी खाडीत तो मिळतो. दोन्ही काठांना डोंगर, कडेला तिवरं. वादळाचा इशारा आला की मासेमारी होड्याही याच कारणासाठी खाडीत शिरतात.

कधी आणि काय पाहायचं?

आधी भरतीची वेळ बघा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखल्या, तुतवार, कुरल चरायला उतरतात. पाणी चढलं की तेच पक्षी काठावर थव्यानं विसावतात, तेव्हा मोजणं सोपं जातं.

दिघीला जाणारी जंगलजेट्टी सुटली की कुरवांकडे नीट बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात काळं नसतंच! डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. नवख्यांची फसगत इथेच होते.

जवळ गेलं तर बिघडतं कुठे?

बिघडतं. वादळानंतर वाळूत बसलेला थवा फोटोसाठी बसलेला नसतो, तो शक्ती भरून काढत असतो. त्याला उडवलं की उरलीसुरली ताकदही जाते. मोकाट कुत्री आणि ड्रोन यांचाही त्रास तेवढाच. बोटीवरून कुरवांना गाठी-शेव टाकण्याची गेटवे-मांडवा मार्गावरची सवय इथे आणू नये.

थकलेला पक्षी सापडला तर?

त्याला पुन्हा समुद्रात फेकू नका, चोचीत पाणीही ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पायात रिंग असेल तर ती न काढता क्रमांक टिपून घ्या आणि मुंबईच्या बीएनएचएसला कळवा.

नोंद करताना आदल्या दिवसांत वादळ होतं, हेही लिहा. नाहीतर आडोशाला आलेल्या पक्ष्यांमुळे खाडीतले पक्षी वाढले, असा चुकीचा अर्थ निघतो. आशियाई पाणपक्षी गणना दर वर्षी जानेवारीत होते. तेव्हा ही नोंद ताडून बघता येईल.