रब्बी नसलेल्या समाजाचे गुरुजी

बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाला स्वतःचा रब्बी कधी लाभला नाही. धर्मशास्त्राचा अधिकृत जाणकार नाही, निवाडा देणारं पीठ नाही. तरीही रायगड, ठाणे, मुंबई आणि पुण्यात त्यांच्या मशिदी उभ्या आहेत. हे लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. त्या कोणी चालवल्या, असं विचारलं तर मिळणारी नावं बहुतेक शाळामास्तरांची, भाषांतरकारांची आणि नोकरी सांभाळून मशिदीचे हिशेब लिहिणाऱ्यांची असतात. मुंबईतल्या आणि कोकणातल्या या समाजाचा इतिहास देणगीदारांकडून वाचता येतो, तसा शिक्षकांकडूनही. मला दुसरा जास्त खरा वाटतो.

समाजाची कथा अलिबागजवळच्या नवगावपासून सुरू होते. किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते आठवणीतलं: शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याची बंधनं आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सणांची हिब्रू नावं विसरली, सण विसरले नाहीत. योम किप्पुरला ते दारफाळणीचा सण म्हणत.

मग बाहेरून डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी आला. तो नेमका कोणत्या शतकात आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समाजाची परंपरा त्याला फार मागे नेते, तर इतिहासकार त्याचा संबंध अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. गोष्ट मात्र सगळे एकच सांगतात. त्याने बायकांपुढे वेगवेगळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी यहुदी नियमाप्रमाणे खवले आणि पर असलेली मासळी वेगळी काढली, बाकीची बाजूला सारली. हे यहुदीच आहेत, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घरांतल्या माणसांना शिकवून तयार केलं. त्यांना पुढे काझी म्हणू लागले. ते गावोगाव फिरून लग्नं लावत, सुंता करत, तंटे सोडवत. या समाजाच्या आठवणीत पहिला धर्मकार्यकर्ता असा शिकवलेला माणूस आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि परीक्षा स्वयंपाकघरात झाली होती, हेही.

मुंबईची पहिली मशीद 1796 ची. कंपनी सरकारच्या फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ती बांधली, नाव ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलो तर मशीद बांधीन, असा त्यांचा नवस होता म्हणतात. ती ज्या रस्त्यावर आहे त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. पण इमारत झाली म्हणजे प्रार्थना झाली असं नाही. तोरा, म्हणजे मूळ धर्मग्रंथ, वाचणार कोण, हिब्रू येतं कोणाला? त्यासाठी कोचीनकडेच पाहावं लागलं. तिकडून जे शिक्षक आले त्यांत शेलोमो सालेम शुराबी हे नाव समाजात फार आदराने घेतलं जातं. ते पुस्तकं बांधण्याचं काम करत आणि मशिदीत हज्जान म्हणून प्रार्थना चालवत. 1856 मध्ये ते वारले. तोवर मुंबईत दुसरी मशीद आणि रेवदंड्यात एक, अशा नव्या मशिदी उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांत त्यांचा हात होता.

याच काळात दुसरे शिक्षकही आले, ते मात्र वेगळ्या हेतूने. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, ते मुख्यतः बेने इस्राएलांसाठी. मिशनऱ्यांना त्यांना ख्रिस्ती करायचं होतं. धर्मांतरं फारच थोडी झाली. पण मराठी बायबल, हिब्रूची अक्षरं आणि इंग्रजी शाळा या समाजाने घेतल्या आणि थेट मशिदीत नेऊन वापरल्या. मिशनच्या शाळेत शिकून बाहेर पडलेला जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) हा त्याचा ठळक नमुना.

राजपूरकर 1856 मध्ये व्यापारी डेव्हिड ससून यांच्या शाळेत शिक्षक झाले, 1861 मध्ये मुख्याध्यापक. पुढची चाळीस वर्षं तेच काम. 1871 पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. शाळा सुटल्यावर ते हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणत. एकामागून एक पुस्तकं निघाली. सणांच्या, उपासांच्या, घरच्या प्रार्थना. ओठांवर हिब्रू असलेल्या माणसाला आपण काय म्हणतो आहोत ते कळलं, ते या पुस्तकांमुळे. पेसाहच्या सणाचं पुस्तक, हग्गादा, त्याआधीच मराठीत आलं होतं, आणि 1874 मध्ये पुण्यात मोझेस जेकब तळकर व आरोन डॅनियल तळकर यांनी काढलेली सचित्र प्रत निघाली. तिच्यातली चित्रं पाहण्यासारखी आहेत. बेखमिरी भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. युरोपातल्या हग्गादांमधून काही चित्रं उचलली असली तरी या बायका कोकणातल्याच.

समाजाला छापील पुस्तक पुरत नव्हतं, कारण सगळ्यांना वाचता येत नव्हतं. हरदासांची कीर्तनं ऐकून काही तरुणांना वाटलं, हे आपल्याकडेही व्हावं. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर कीर्तन सुरू केलं. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं मराठी घाटाचं, आख्यान तोरामधलं. पाठ देण्याची याहून मोकळी रीत या समाजाला सापडली नव्हती. बायका, मुलं, अक्षर न येणारे म्हातारे, सगळे एका बैठकीत शिकत.

या सगळ्याचं संस्थेत रूपांतर केलं हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. अलिबागचा हा माणूस. 1853 मध्ये भावांबरोबर शिक्षणासाठी मंडळ काढलं, 1875 मध्ये शाळा. पैशासाठी त्यांनी लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनपर्यंत पत्रं धाडली. मुलांना इंग्रजी-मराठीबरोबर हिब्रूही शिकवायची होती. पुढे शाळेचं हायस्कूल झालं. केहिमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला, 1897 मध्ये पुरा केला, पण तो छापून यायला 1937 उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये, लेखक जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. शाळा आता माझगावात आहे आणि तिचं नाव सर एली कडूरी शाळा. कडूरींच्या पैशाने ती टिकली, हा उपकार खरा. पण संस्थापकाचं नाव पाटीवर नाही, देणगीदाराचं आहे. असं सगळीकडेच होतं. आज तिथली बहुतेक मुलं यहुदी नाहीत. केहिमकरांना ते आवडलं असतं की नाही, कोण जाणे. मला तरी वाटतं, शाळा चालू आहे याने ते सुखावले असते.

या शाळेत 1922 मध्ये मुख्याध्यापिका म्हणून रेबेका रूबेन आल्या. शिवमोग्ग्याला जन्मलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. 1905 च्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला त्या पहिल्या आल्या होत्या, आणि असा मान मिळवणारी ती पहिली मुलगी. 1950 पर्यंत त्यांनी शाळा चालवली. समाजाचं इंग्रजी वार्षिकही त्यांनी काढलं. इथे एक गाठ आहे, ती सोडून पुढे जाता येत नाही. सनातनी मशिदीत स्त्रिया वेगळ्या बसतात, तोरा वाचायला त्यांना बोलावत नाहीत. म्हणजे तिथला सर्वांत मोठा मान त्यांना मिळूच शकत नव्हता. ज्यांनी मानाच्या लायकीची माणसं घडवली, त्या बाई त्या मानाच्या बाहेर. समाजाने दुसऱ्या वाटा काढल्या. 1913 मध्ये स्त्री मंडळ निघालं. 1925 मध्ये डॉक्टर जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन काढली, उदारमतवादी प्रार्थनामंडळ. पुढे, 1966 मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली, ती डॉक्टर म्हणून.

मशिदीतला मान असतो तरी काय? हेखाल, म्हणजे तोरा ठेवण्याचं कपाट, उघडण्याचा मान. तोराची गुंडाळी तेबापर्यंत, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यापर्यंत, नेण्याचा. तोरा वाचायला बोलावलं जाण्याचा. आणि सिम्हाथ तोराला, वर्षभराचं वाचन संपून पुन्हा पहिल्या पानावर येतं तेव्हा, दोन माणसांना नवरदेव करतात. शेवटचा भाग ज्याच्या वाट्याला येतो तो हातान तोरा, पहिला भाग ज्याच्या वाट्याला येतो तो हातान बेरेशीथ. ज्याने वर्षभर मशिदीचं काम केलं त्याला हा मान द्यावा, अशी रीत यहुदी जगात अनेक ठिकाणी आहे. मेल्यानंतरचाही मान आहे. प्रार्थनेत मृतांचं नाव घेऊन शांती मागतात, त्याला हश्काबा म्हणतात.

कोकणात मात्र मानाच्या आधी दहा पुरुषांची गरज असते. सार्वजनिक प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. अलिबागच्या मागेन आबोथला, पेणला, रेवदंड्याच्या बेथ एलला एकेकाळी हा आकडा भरणं हा प्रश्नच नव्हता. 1948 नंतर लोक इस्रायलला जाऊ लागले. भारतात एकेकाळी वीसेक हजार बेने इस्राएल होते. 2011 च्या जनगणनेत सगळे यहुदी मिळून 4,650 भरले, त्यात महाराष्ट्रातले निम्म्याहून थोडे अधिक. आता गावातल्या मशिदीचं काम म्हणजे किल्ली सांभाळणं, छप्पर गळलं तर मिस्त्री आणणं, सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतील का ते फोन करून विचारणं. पूर्वीच्या गावगाड्यात मुकादम, चौगुले, गब्बई (खजिनदार), शामाश (मशिदीचा सेवक) अशा जागा वाटलेल्या असत. आज एकच माणूस या सगळ्या जागा भरतो, आणि बरेचदा सकाळी कामावरही जातो. त्याचा सत्कार करायला वेगळा दिवस लागत नाही. त्याच्याशिवाय दार उघडत नाही.

ठाण्याच्या 1879 च्या शाआर हाशामाईममध्ये अजून माणसं जमतात. मलिदा होतो, पोहे, ओलं खोबरं, साखर, पाच फळं, आणि एलियाहू हानाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, आळवणी. गाणी हिब्रूतली आणि मराठीतली, दोन्ही. तिकडे इस्रायलमध्ये अश्दोद, दिमोना, लोद या गावांत मराठी बोलणारे बेने इस्राएल आहेत, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं आहे. तिथे आजींना गाण्यांचा अर्थ नातवंडांना हिब्रूतून सांगावा लागतो. राजपूरकर नेमकं उलटं करत होते.