खुंटलेले बल : औषधाआधी निदान

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात किंवा औषधी दुकानात असा युवक केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो. वय वीस-पंचवीस, अग्नी चांगला, व्याधी कोणताही नाही. तक्रार एवढीच : ‘‘डॉक्टर, दोन महिने झाले, वजन शंभर किलोच्या पुढे सरकत नाही. ताकदीचं काहीतरी द्या.’’ बहुधा त्याच्या हाती अश्वगंधा चूर्णाचा डबा पडतो, अनुपान म्हणून दूध सांगितले जाते आणि तो समाधानाने परततो. ज्वराच्या रुग्णाला हेतू विचारल्याखेरीज आपण औषध देत नाही. मग बल खुंटलेल्या या व्यायामीला ते का द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बलवृद्धी का मंदावते?

वजने उचलण्याचा सराव नव्याने सुरू करणाऱ्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. ही वाढ प्रामुख्याने मांसधातूची नसते. आहेत तेच स्नायू अधिक संख्येने व अधिक मेळाने कामाला लावण्यास मज्जासंस्था या काळात शिकते. पुढील वाढ मांसपेशींच्या प्रत्यक्ष पुष्टीवर अवलंबून असल्याने ती स्वभावतःच सावकाश होते. म्हणजेच वेग मंदावणे ही विकृती नव्हे, आणि हे त्या युवकाला समजावून सांगणे हाच उपचाराचा पहिला भाग होय.

मात्र आठवड्यामागून आठवडे प्रगती पूर्णपणे थांबली असेल, तर हेतू शोधावा लागतो. चरकाचार्यांनी बलाचे सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. सहज बल जन्माबरोबर येते, तर कालज बल ऋतू व वय यांच्या अधीन असते. आहार आणि चेष्टा यांच्या योग्य योजनेने मिळते ते युक्तिकृत. वैद्याचा हात पोहोचतो तो प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकारापर्यंत. म्हणून खुंटलेल्या बलाचा शोध आहार, विश्रांती आणि व्यायामाची मात्रा या तीन ठिकाणी प्रथम घ्यावा.

अर्धशक्तीचा अर्थ

येथे एक शंका उपस्थित होते. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीलाही शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. वजन उचलणाऱ्याला तर पूर्ण शक्ती लावावी लागते. मग शास्त्र आणि व्यायामशाळा यांचा मेळ कसा घालावा?

उत्तर असे की शास्त्रातील अर्धशक्ती किलोग्रॅममध्ये मोजलेली नाही. सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे लक्षण श्वासावरून सांगितले आहे, आणि व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करण्याची सूचना दिली आहे. थोडक्यात, मात्रा व्यक्तीनुसार ठरते. आधुनिक प्रशिक्षकही वर्षभर रोज कमाल वजन उचलावयास लावत नाहीत. बहुतांश सराव कमाल क्षमतेपेक्षा कमी वजनावर होतो आणि काही आठवड्यांच्या अंतराने एक आठवडा मुद्दाम हलका ठेवला जातो. ताकद जोखणे वेगळे आणि ताकद वाढविणे वेगळे, हा भेद आपल्याकडे येणाऱ्या युवकाला बहुधा ठाऊक नसतो. शंभर किलो अडले म्हणून तो रोज शंभर किलोशीच झुंजतो. अतिव्यायाम करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा संहितेतील दृष्टान्त येथे अक्षरशः लागू पडतो. निद्रानाश, अरुची, व्यायामाविषयी अनुत्साह आणि दिवसेंदिवस न ओसरणारे अंगमर्द ही लक्षणे आढळल्यास प्रथम व्यायाम कमी करावा.

विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न निद्रेचा. पुष्टी-कार्श्य आणि बल-अबल ही निद्रेच्या अधीन असल्याचे चरकाचार्य सांगतात. रात्रपाळी करणारा किंवा मध्यरात्रीपर्यंत भ्रमणध्वनीवर जागणारा युवक कोणत्याही रसायनाने बलवान होणार नाही.

दुसरा प्रश्न आहाराचा. नियमित भारव्यायाम करणाऱ्यास शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.४ ते २ ग्रॅम प्रथिने योग्य मानली जातात. सत्तर किलोच्या युवकाला हे प्रमाण ९८ ते १४० ग्रॅम इतके होते. एक लिटर दुधातून सुमारे ३२ ग्रॅम, तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यातून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोळी-भाजी आणि वाटीभर वरण एवढ्यावर राहणाऱ्याची बेरीज कोठे थांबते, हे त्याच्यासमोर कागदावर मांडून दाखवावे. आपल्या तालमींतून खुराकाला व्यायामाइतकेच महत्त्व होते, ते उगीच नव्हे. अर्थात खुराक पचविणारा अग्नी आहे की नाही हे पाहणे आपले काम. अग्निमांद्य असताना दिलेले बृंहण आमच वाढवील.

तिसरा प्रश्न ऋतूचा. ग्रीष्म व वर्षा ऋतूत बल स्वभावतःच अल्प असते. मे महिन्यात अडलेले वजन मार्गशीर्षात सहज उचलले गेले, तर त्याचे श्रेय चूर्णाला देऊ नये.

चौथा प्रश्न जुन्या आघाताचा. मीराबाई चानू यांचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारी २०२० मधील राष्ट्रीय स्पर्धेत ४९ किलो गटात त्यांनी स्नॅचमध्ये ८८ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो वजन उचलले. खांदा व पाठीच्या तक्रारींसाठी त्याच वर्षाच्या अखेरीस त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथे स्नायूंच्या असमतोलावर काम झाले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला. पुढे टोकियोत रौप्यपदक मिळाले. अडथळा बलात नसून सांध्यांच्या व पेशींच्या मेळात असू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्नॅचमध्ये २०२२ साली बर्मिंगहॅम येथे त्यांनी पुन्हा ८८ किलो उचलले, परंतु ९० किलोचा प्रयत्न असफल ठरला. २०२४ मध्ये पॅरिस येथेही आकडा ८८ च राहिला आणि एकूण १९९ किलोंसह त्या चौथ्या आल्या. जगातील श्रेष्ठ खेळाडूंनाही अशी मर्यादा भेटते. प्रत्येक थांबा ओलांडता येईलच, असे वचन वैद्याने देऊ नये.

अश्वगंधेविषयी

अश्वगंधा बल्य व बृंहणीय या दोन्ही गणांत आहे आणि तिच्याविषयी आधुनिक पुरावाही उपलब्ध आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १८ ते ५० वयाच्या ५७ पुरुषांचा समावेश होता. ३०० मिलिग्रॅम मूळ-अर्क दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिल्यानंतर उताणे झोपून छातीवरून वजन उचलण्याच्या व्यायामात औषधी गटाची वाढ सरासरी ४६ किलो, तर औषधहीन गटाची सुमारे २६ किलो झाली. हे आकडे औषधी दुकानांतून वारंवार सांगितले जातात. मात्र सहभागी पुरुषांना अशा व्यायामाचा फारसा अनुभव नव्हता, हे सांगितले जात नाही. नवशिक्यांची ताकद औषधावाचूनही २६ किलोंनी वाढली, हे त्याच चाचणीतून दिसते. चार वर्षे व्यायाम करून अडलेल्या युवकाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय अर्काची मात्रा आणि चूर्णाची ३ ते ६ ग्रॅम मात्रा या एक नव्हेत. अश्वगंधेच्या उत्पादनांनंतर यकृतविकार झाल्याच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या आहेत. म्हणून कामला किंवा यकृतविकाराचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय डबा देऊ नये.

स्पर्धक खेळाडू आल्यास

युवक स्पर्धेत उतरणारा असेल, तर आपली जबाबदारी अनेक पटींनी वाढते. जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्थेच्या नियमांनुसार शरीरात आढळलेल्या निषिद्ध द्रव्यास खेळाडू स्वतः उत्तरदायी असतो. ‘‘वैद्यांनी दिले’’ या उत्तराने सुटका होत नाही. निषिद्ध द्रव्यांच्या सूचीत स्ट्रिक्निन आहे, आणि आपला कुपीलू, म्हणजेच कुचला, हा त्याचा स्रोत. अजीर्णासाठी सहज दिली जाणारी अग्नितुंडी वटी येथे घातक ठरू शकते. सोमलतेतील एफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे आणि भांगेतील घटकद्रव्ये स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. जातिफलादि चूर्णात भांग असते, याचे स्मरण ठेवावे. घटकद्रव्ये किंवा परवाना क्रमांक नसलेली ‘शक्तिवर्धक’ भुकटी तर कोणालाच विकू नये. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असेल, तर वजन भराभर वाढेल, परंतु त्याची किंमत त्या युवकाचे यकृत, हृदय आणि शुक्रधातू मोजतील.

व्यायामशाळेतील युवक आपल्याकडे विश्वासाने येतो. त्याची निद्रा, आहार, ऋतू, आघात व व्यायाममात्रा विचारण्यास दहा मिनिटे लागतात. व्यायामानंतर अंगमर्दन, नियमित अभ्यंग आणि आठवडाभराची विश्रांती एवढेच सांगून तो परतला, तर त्या दिवशी दुकानातील एक डबा कमी खपेल. पण अडलेले वजन पुढे सरकले तर तो पुन्हा येईल, आणि न सरकले तरी आपण त्याला फसविले नाही, हे त्याला कळलेले असेल.