‘सप्रेस’ आणि त्याचे सगोत्र : काही इंग्रजी शब्दांचा अर्थविचार

श्वास कोंडणे आणि सत्तेच्या बळावर एखादी गोष्ट दडपणे या अर्थांचे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत. कोशांतून ते बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आढळतात. परंतु धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाची इंग्रजी साधने मराठीत आणू पाहणाऱ्या अभ्यासकाचे काम अशा पर्यायांनी भागत नाही. या शब्दांतील भेद कोणते, आणि ‘सप्रेस’ हा शब्द मराठीत आणताना अनुवादकावर कोणती जबाबदारी येते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

1. या शब्दांचे तीन गट पडतात. पहिला गट हवेचा. ‘स्मदर’ हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत दाट, गुदमरवणाऱ्या धुराचा वाचक होता. आज वरून काही पसरून हवा तोडणे हा त्याचा गाभा आहे. उशीने माणूस, मातीने आग, आणि अतिमायेने मूलही ‘स्मदर’ होते. ‘सफोकेट’मध्ये घसा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, येथे भर परिणामावर असल्यामुळे कर्ता नसला तरी चालते. ‘स्टायफल’ कोंदट खोलीविषयी येतो, तसाच जांभई किंवा हुंदका आवरण्याविषयीही. दुसरा गट गळ्याचा. ‘चोक’ घास अडकूनही होते, ‘थ्रॉटल’मध्ये गळ्याचा उच्चार उघडच आहे, ‘स्ट्रँगल’चे मूळ फास या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. तिसरा गट भाराचा. ‘सप्रेस’, ‘रिप्रेस’, ‘ऑप्रेस’ हे तिन्ही ‘दाबणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून झाले. त्यांतील ‘ऑप्रेस’मध्ये अन्याय गृहीत आहे, ‘सप्रेस’मध्ये तो नाही. खोकला, पुरावा, बंड, वृत्तपत्र यांपैकी काहीही ‘सप्रेस’ करता येते.

शारीर अर्थाकडून राजकीय अर्थाकडे होणारा प्रवास ‘बर्क’ या क्रियापदात स्पष्ट दिसतो. एडिंबरो येथे 1828 मध्ये शवविच्छेदनासाठी प्रेते विकण्याकरिता माणसांना गुदमरवून मारणाऱ्या विल्यम बर्कला 1829 मध्ये फाशी झाली. त्याच्या नावावरून प्रथम खूण न ठेवता गुदमरवून मारणे, आणि पुढे एखादा प्रश्न किंवा अहवाल गुपचूप दाबून टाकणे असा अर्थ रूढ झाला.

2. मराठीतही हाच प्रवास आहे. गळचेपी, मुस्कटदाबी, कोंडमारा हे शब्द शरीरावरूनच समाजावर आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार या म्हणीत तर मारापेक्षा ओरडू न देण्याचे दुःख मोठे आहे. परंतु मराठी शब्द तटस्थ राहत नाहीत. ‘दडपशाही’ म्हणताच सत्ता दोषी ठरते. ‘बीमोड’ म्हणताच ज्याचा नाश झाला तो नाशाला पात्र ठरतो. ‘बंड मोडले’ आणि ‘उठाव चिरडला’ ही एकाच घटनेची दोन वर्णने असली तरी ती दोन बाजूंची साक्ष आहेत.

3. हा भेद या जिल्ह्यात केवळ कोशापुरता नाही. 1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड व रायचूर दोआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. हा मुलूख 1860 मध्ये परत गेला. नळदुर्गचा कारभार प्रथम मेडोज टेलर याच्याकडे होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (1839) ही त्याची कादंबरी गाजली होती. पुढे ‘तारा’ (1863) या कादंबरीत त्याने तुळजापूर रंगविले. ठग रुमालाने गळा आवळीत, आणि दक्षिणेत त्यांना फासावरून ‘फांसीगार’ म्हणत. ‘ठग’ या शब्दाचा संबंध मात्र झाकणे, लपविणे या अर्थाच्या संस्कृत ‘स्थग्’ धातूशी जोडला जातो. अशा रीतीने ‘स्ट्रँगल’ करणाऱ्यांना ‘सप्रेस’ करण्याची मोहीम कंपनीने चालविली. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले. ठगीचे सरकारी चित्र कितपत अतिरंजित होते, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तेव्हा येथे ‘बीमोड’ लिहिणारा अनुवादक त्या वादात नकळत एक पक्ष घेतो.

शंभर वर्षांनंतरचे उदाहरण याच्या उलट आहे. निजामी राजवटीत ‘गश्ती क्रमांक 53’ने सार्वजनिक सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच 1938 मध्ये बंदी आली. या संघटनेचे नेतृत्व पुढे ज्यांनी केले ते स्वामी रामानंद तीर्थ याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. अशा बंदीविषयी इंग्रजी लेखक ‘सप्रेस’च लिहील; मराठीत मात्र ‘बीमोड’ येथे असह्य होईल, आणि ‘गळचेपी’ हाच शब्द सत्याला धरून होईल.

4. निष्कर्ष असा की, ‘सप्रेस’ला एकच प्रतिशब्द ठरविणे अयोग्य आहे. दाबणारा कोण, दाबले काय, आणि वाक्य कोणाच्या लेखणीतून उतरले, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. मूळ लेखक सत्तेच्या बाजूचा असेल तर त्याचा सूर अनुवादात राखावा, आणि अभ्यासकाने आपले मत स्वतंत्र टिपेत द्यावे. मुळात नसलेला निवाडा अनुवादात घालणे जितके चूक, तितकेच मुळात लपलेला निवाडा सौम्य शब्दाखाली झाकून टाकणेही चूक होय. कारण तेही एक दडपणेच आहे.